भाच्याच्या डोळ्यांत न भरणारा फोन

मुकाशने काही नवीन घेतलं की आमच्या गल्लीत कुणी वळूनसुद्धा बघत नाही. त्याच्या घरात शिरणारी वस्तू दारातच म्हातारी होऊन शिरते. टोपी घेईल तर दुकानातच चहाचा डाग पडलेली. घड्याळ घेईल तर ज्याच्यात तारीख एकाच आकड्यावर रुसून बसलीय असं. माणूस सुतार, दारं-खिडक्या करणारा. त्याच्या हातच्या निळ्या झडपा बघायला लोक आमच्या काराकोल शहरातल्या रस्त्यात थांबतात, आणि याच्या स्वतःच्या खिडकीला काच कसली, तर दुसऱ्यांच्या खिडक्यांतून उरलेल्या तुकड्यांची. आत बसलेल्या माणसाचं नाक एका तुकड्यात दिसतं आणि हनुवटी दुसऱ्यात. त्याची बायको अनारकुल पाहुण्यांना चहा ओतताना म्हणते, "मी यांच्याहून वर्षाने मोठी. मागल्या सालची बघूनच पसंत केली असणार." मुकाश मिशीतल्या मिशीत हसतो आणि कणकेच्या तळलेल्या बोरसोकांची थाळी पुढे सरकवतो.

परक्याला वाटेल, चिक्कू आहे. तर तसं अजिबात नाही. चिक्कू माणूस शेजाऱ्याच्या मयताला आपली मेंढी देत नाही, मुकाश देतो. त्याचं दुखणं वेगळंच आहे. त्याला एक भाचा आहे.

आता भाचा कुणाला नसतो? पण आमच्याकडे भाचा म्हणजे चालतीबोलती जप्ती. आईच्या माहेरी येऊन त्याने एखाद्या वस्तूवर बोट ठेवलं की ती त्याची झाली. घोडा म्हणाला तर घोडा, खोगीर म्हणाला तर खोगीर. मामाने हूं की चूं करायचं नाही. 'भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले,' असं म्हातारी माणसं म्हणतात, आणि म्हणता म्हणता उठून भाच्यासाठी चुलीवर मटण चढवतात. कारण नाही म्हणायची सोयच नाही. भाच्याचं मन दुखलं की मामाचा हात थरथरायला लागतो, अशी समजूत आहे. पलीकडच्या गल्लीतल्या तुरुस्बेकने तरुणपणी भाच्याला एक थप्पड लगावली होती, तर मरेपर्यंत त्याच्या वाटीतला चहा मांडीवर सांडायचा. चहाच्या आधी तो काय प्यायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण दोष लागला तो थपडेलाच. आणि मुकाश पडला सुतार. सुताराचा हात थरथरला तर मग त्याच्याकडे राहिलं काय?

या भाच्याचं नाव एर्मेक. पाच वर्षांचा असताना मामाकडचं पांढरं गुबगुबीत कुत्र्याचं पिल्लू कडेवर घेऊन चालता झाला, ती सुरुवात. पुढे चांदीच्या रिकिबीचं खोगीर गेलं. मग गाणी वाजवायचा टेप गेला. मुकाशने आयुष्यात एकदाच हौसेने घेतलेलं जर्मन गिरमिट, तेही गेलं. बरं, हा त्या वस्तू जपेल तर शपथ. खोगीर त्याने लग्नात नाचता नाचता कुणा मित्राला देऊन टाकलं, आणि गिरमिट कुठे गेलं ते विचारल्यावर त्यालाच आश्चर्य वाटलं. मनाने वाईट असता तर बरं झालं असतं, माणसाने दार लावून घेतलं असतं. हा पडला गोड लुटारू. आता तिशीचा आहे, घोड्यांची दलाली करतो, हसला की चहाच्या समोवाराचं झाकण खडखडतं. येताना रिकाम्या हाताने येतो आणि मामाला अशी मिठी मारतो की मामाच्या हाडांना वाटतं, आपल्यालाच न्यायला आलाय.

आणि एर्मेकच्या मागे उभी त्याची आई, बुरुल. मुकाशची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा बुरुलनेच त्याला वाढवलं. गुडघाभर बर्फातून पाठीवर बसवून शाळेत नेलं, पावाचा मऊ गाभा त्याला दिला आणि कडा आपण चावल्या. त्या पाठीवरून मुकाश अजून खाली उतरलेला नाही. एर्मेकला नाही म्हणायचं म्हणजे बुरुलला नाही म्हणायचं, आणि बुरुलला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तिच्या नवऱ्याने प्रयत्न केला होता, तो आता बोलत नाही, नुसता मान हलवतो.

म्हणून मुकाशने आपल्यापुरती एक युक्ती काढली. घ्यायचं ते असं घ्यायचं की भाच्याच्या डोळ्यांत भरू नये. डाग असलेलं, एक कान तुटलेलं, मागल्या सालचं. वर्षानुवर्षं त्याने असं केलं, आणि ती युक्ती त्याच्या अंगाला अशी चिकटली की खिडकीची काचसुद्धा तुकड्यांची लावली. खिडकी काय भाचा उपटून नेणार होता? पण सवय विचारत नाही.

तर असा हा माणूस, आणि त्याला घ्यावा लागला फोन.

मुकाशची मुलगी कुंदुझ आणि जावई दोघं मॉस्कोला कामाला. ती एका बेकरीत पाव भाजते, तो माल पोचवायची गाडी चालवतो. त्यांची पोर उमाय चार महिन्यांची होती तेव्हा आजी-आजोबांकडे ठेवून गेले. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत अशी पोरं आहेत, आई फोनमध्ये राहते असंच त्यांना वाटतं. उमायला तर आईचा अर्धाच चेहरा ठाऊक होता, कारण मुकाशच्या फोनची काच मधोमध तडकलेली आणि खालच्या बाजूला काळं पसरलेलं. आणि तिकडून कुंदुझला लेक दिसायची ती धुक्यातल्या कोकरासारखी. तिच्या पहिल्या दाताच्या जेवणाला मुकाशने फोन धरला होता, तेव्हा कुंदुझने पूर्णवेळ छत पाहिलं. तिने कुणाला बोल लावला नाही. छताला रंग द्यायला हवाय, एवढंच म्हणाली.

आता उमाय भिंत धरून उभी राहायला लागली, हात सोडला की दोन पावलं टाकून बसकण मारायची. म्हणजे दोरा कापायची वेळ झाली. पोराच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात, गल्लीतली मुलं लांबून धावत येतात, जो पहिला पोचेल त्याने दोरा कापायचा, आणि मग पोराला दोन्हीकडून धरून पळवायचं. दोरा सुटला की आयुष्यभर पाय अडखळत नाहीत म्हणतात. हे एकदाच होतं. कुंदुझला सुट्टी मिळत नव्हती. तिने फोनसाठी पैसे पाठवले, वर थोडे जास्तच पाठवले, आणि बापाला, आमच्याकडे वडीलधाऱ्याला म्हणतात तसं, म्हणाली, "आके, चांगला घ्या. मला दुसरं काही नको. दोरा कापल्यावर तिचे पाय कसे पडतात, तेवढं मला बघायचंय."

मुकाश बाजारात गेला. फोनवाल्यांच्या ओळीत आयदाय नावाची एक मुलगी बसते, लांब नखांची, चुरूचुरू बोलणारी. तिने काचेवर दोन फोन ठेवले. एक या सालचा, निळा, पाठ अशी चकाकती की इसिक-कुल तळ्याचा एक तुकडा कापून आणलाय जणू, आणि मागे मोठे मोठे तीन डोळे. दुसरा त्याच कंपनीचा मागल्या सालचा, काळा, मवाळ, एकाच डोळ्याचा, भावालाही बराच उतरलेला. मुकाशचा हात आपसूक काळ्याकडे गेला. किती बिनचेहऱ्याचा, किती नकोसा फोन तो. एर्मेकने त्यावर सूर्यफुलाच्या बिया फोडून खाल्ल्या असत्या आणि टरफलं टाकली असती.

आयदायने विचारलं, कशासाठी हवाय. त्याने सांगितलं. तेव्हा तिने दोन्ही फोन एकेका हातात धरले, गदागदा हलवले आणि हलवतानाच समोरच्या कबाबवाल्याचं चित्र घेतलं. काळ्यामध्ये कबाबवाला वितळून गेला होता. निळ्यामध्ये त्याच्या मिशीवरची राखसुद्धा दिसत होती. "बघा आके," आयदाय म्हणाली, "तुमचा हात थरथरला तरी याचं चित्र थरथरत नाही."

मुकाशने काळ्याकडे गेलेला हात मागे घेतला. एवढ्या मोठ्या बाजारात या पोरीला नेमकं हेच वाक्य सापडावं? त्याने तिला विचारलं, हात थरथरेल असं तुला का वाटलं. ती म्हणाली, सगळ्यांचाच थरथरतो, वय होतं. तिला काय माहीत.

तो तिथून निघाला आणि आश्ल्यानफूची एक वाटी घेऊन बसला. गार, आंबट, तिखट शेवया घशाखाली गेल्या की आमच्याकडे माणसाला निर्णय सुचतो म्हणतात. मुकाशने दोन वाट्या खाल्ल्या, त्याला फक्त ढेकर सुचला. निळा घ्यावा तर दोरा कापायला एर्मेक येणारच, सख्खी मामेबहीण, तिची पोर. त्या उन्हात तो निळा फोन दोन गल्ल्या लांबून लकाकेल. एर्मेक मिठी मारेल, बोट ठेवेल, आणि दुसऱ्या दिवशीपासून कुंदुझ पुन्हा छत बघेल. काळा घ्यावा तर फोन घरात राहील, पण त्यात उमायचे पाय कबाबवाल्यासारखे वितळतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो काहीच न घेता घरी आला.

अनारकुलने रिकामे हात पाहिले आणि तिला सगळं कळलं. इतक्या वर्षांत ती नवऱ्याची पाठ बघून बाजारभाव ओळखायला शिकली होती. ती म्हणाली, पैसे पोरीचे, हौस पोरीची, तुमचं त्यात काय आहे? मुकाश म्हणाला, वस्तू माझ्या घरात आली की माझीच. ती म्हणाली, मग माझ्या नावाने घ्या, भाचा काय मामीच्या वस्तूवर बोट ठेवत नाही. त्याने जरा विचार केला, पण ते टिकणारं नव्हतं. अनारकुलची लोकरीची शाल अशीच तिच्या नावाची होती, ती आज बुरुलच्या खांद्यावर आहे.

"म्हातारबा," ती शेवटी म्हणाली, आणि हे ती हसून म्हणाली नाही, "सात लांडगे आले तरी हाडं ठेवून जातात. तुम्ही तर लांडगा यायच्या आधीच मेंढी गाडून टाकता."

मुकाश खाली बघून उमायच्या पायाशी खेळत बसला. पोरीचे तळवे बोरसोकसारखे फुगीर आणि गरम होते. ती उठली, त्याचं बोट धरून दोन पावलं टाकली आणि धपकन बसली. या पावलांचं चित्र वितळलेलं कसं दिसेल, ते त्याने मनातल्या मनात बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने निळा घेतला. घेतला म्हणजे काय, पैसे डोळे मिटून दिले आणि लगेच आयदायला विचारलं, याला मागल्या सालचं कव्हर बसेल का. ती म्हणाली, आके, लोक जुन्याला नव्याचं कव्हर मागतात. बसलं नाही ते नाहीच. मग मुकाश घरी येऊन आपल्या कामाच्या खोलीत शिरला, दार लावलं आणि खिडक्यांच्या फटींना लावायची काळी चिकटपट्टी घेऊन बसला. पाठ झाकली, कडा झाकल्या. तीन डोळ्यांपैकी दोन झाकले, एक ठेवला, म्हणजे दिसायला मागल्या सालचाच. सुताराचंच काम ते, एक सुरकुती नाही. वरून थोडा भुसा चोळला. फोन असा दिसायला लागला की रस्त्यात पडला असता तर कुत्र्याने वळसा घातला असता. घरात त्याने कुंदुझला लावून पाहिला. ती रडलीच, की आके, उमायची पापणी दिसतेय हो. झालं. मुकाश त्या रात्री घोरला.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, याने तर भांडं पट्टीत गुंडाळलं.

दोऱ्याच्या दिवशी गल्लीत सफरचंदांचा वास दाटला होता. अंगणात गालिचे अंथरले, समोवार फुरफुरत होता, उमायला लाल मखमली जाकीट घालून मधोमध उभं केलं आणि पायांना दोरा बांधला. शेजारच्या कालिपा म्हातारीने दोन्ही काखांतून तिला धरलं होतं. मुलं लांब, पाण्याच्या नळापाशी रांगेत उभी होती, एकमेकांच्या पायांवर पाय देत. बुरुल मधल्या गादीवर ती लोकरीची शाल पांघरून बसली होती आणि सगळ्यांना कुठे बसायचं ते सांगत होती. एर्मेक आला, रिकाम्या हाताने, मामाला मिठी मारली, त्याच्या हातातल्या काळ्या ठोकळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मामा, हा फोन आहे की खिडकीची बिजागरी? सगळे हसले. मुकाशही हसला, आणि इतका खूश झाला की त्याने भाच्याला स्वतःच्या हाताने चहा ओतला.

कुंदुझला फोन लागला. तिकडे बेकरीच्या मागच्या दारात उभी होती, डोक्याला पिठाचं फडकं. तिला अंगण दिसलं, आई दिसली, लेक दिसली. ती म्हणाली, मुलं दाखवा, लांबून येताना दाखवा. मुकाशने फोन नळाकडे वळवला आणि लांबचं जवळ आणायला बोटांनी चित्र ओढलं.

चित्र काळं झालं.

आता हे त्याला कोण सांगणार, की त्या फोनचे तीन डोळे वेगवेगळ्या कामाचे असतात. जवळचं बघायला एक, लांबचं बघायला दुसरा, ऐसपैस बघायला तिसरा, आणि हे शेवटचे दोन पट्टीखाली झोपले होते. त्याने चित्र परत लहान केलं, ते घाईत नको तितकं लहान होऊन तिसऱ्या डोळ्यावर गेलं; हलवलं, फुंकलं. काळंच. तिकडून कुंदुझचा आवाज येत होता, आधी हसत, मग न हसता, आके, काही दिसत नाही, आके, काळोख झालाय. नळापाशी कुणीतरी हात वर केला. बुरुल गादीवरून ओरडली, सोडा मुलांना. मुकाश थांबा म्हणेपर्यंत मुलं सुटली होती.

एर्मेक त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, चहाची वाटी घेऊन.

मुकाशने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग पट्टीचं टोक दातात धरलं आणि ओढलं. भुसा उडाला, पट्टी चर्रकन निघाली, थोडी मिशीला चिकटून राहिली. आणि अंगणातल्या उन्हात तो निळा तुकडा असा झळकला की धावणाऱ्या मुलांपैकी एक तिकडे बघत बघत पडलं. मुकाशने फोन वर धरला. त्याचा हात कधी नव्हे इतका थरथरत होता. चित्र थरथरत नव्हतं. कुंदुझने सगळं पाहिलं. लाल शर्टातली एक किडकिडीत मुलगी सगळ्यांच्या पुढे आली, तिने कात्रीने दोरा कापला, मग तिने एका हाताने आणि कालिपा म्हातारीने दुसऱ्या हाताने धरून उमायला पळवलं. अर्ध्या अंगणात उमायने दोघींचे हात सोडले आणि आजोबाच्या हातातल्या निळ्या चमकीकडे एकटीच चालत आली. पाच का सहा पावलं असतील. मोजायचं भान कुणाला होतं? फोनमधून बाईचं रडणं ऐकू येत होतं आणि तिच्या मागे कुणीतरी रशियनमध्ये विचारत होतं, पाव जळला का म्हणून.

उमाय मुकाशच्या गुडघ्याला येऊन आदळली. त्याने तिला उचललं. मग मान वर केली, कारण त्याला माहीत होतं की आता वर बघावंच लागणार.

एर्मेक हसत नव्हता. त्याने वाकून मातीत पडलेली पट्टी उचलली, उलटसुलट करून पाहिली. सुताराचं काम त्याला ओळखता येत होतं, लहानपणापासून तो त्याच खोलीत भुशात खेळला होता. त्याने मिशीला चिकटलेला तुकडासुद्धा हळूच काढला आणि मग हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "हे माझ्यामुळे गुंडाळलं होतंस?"

मुकाशला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायची जागा ती नव्हती. तो उमायच्या जाकिटाची गुंडी लावत राहिला. लागलेलीच गुंडी.

पुढे जेवणं झाली. मटण झालं, शेवया झाल्या, त्या लाल शर्टातल्या मुलीला कापड आणि पैसे दिले. मुकाशने घास तोंडात घातला की नाही, देव जाणे. तो वाट बघत होता. आता बोट ठेवेल, आता ठेवेल. एर्मेक म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसला, त्यांना घोड्यांच्या गोष्टी सांगितल्या, हसला, पण समोवाराचं झाकण काही खडखडलं नाही. शेवटी मुकाशलाच राहवलं नाही. निघायच्या वेळी तो फाटकापाशी गेला आणि फोन दोन्ही हातांनी पुढे केला.

"घे," तो म्हणाला. "तुझाच आहे."

एर्मेकने फोन घेतला. पण त्यावरून त्याने कुंदुझला लावलं, ती पुन्हा बेकरीच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली, आणि तो तिला म्हणाला, काय गं, आमची पोर घोड्यासारखी चालते की नाही? ती हसून रडून म्हणाली, पाय दिसले हो, सगळे दिसले. त्याने फोन परत मामाच्या हातात ठेवला.

"आज काही मागत नाही मी," एर्मेक म्हणाला. "माझं मागणं शिल्लक राहू दे."

शिल्लक म्हणजे? किती दिवस? कशासाठी? मुकाशने भाच्याचा दंड धरला आणि म्हणाला, बाबा रे, आत्ताच घे, फोन नको तर मेंढा घे, तो काळ्या तोंडाचा, मी स्वतः गाडीत घालून देतो. एर्मेकने त्याचा हात हळूच सोडवला आणि म्हणाला, नको मामा, तू उगाच काहीतरी गुंडाळत बसशील. आणि गेला.

मागे बुरुल उभी होती, शाल आवरत. तिने सगळं ऐकलं होतं, कारण बुरुल सगळं ऐकते. पट्टीचंही तिला कळलं होतं. ती भावाला रागावली नाही, ओरडली नाही. रागावली असती तर त्याने आनंदाने ऐकून घेतलं असतं. ती फक्त म्हणाली, "भाच्याचं मागणं मागल्या सालचं होत नसतं, मुकाश," आणि त्याची कॉलर नीट करून, लहानपणी शाळेच्या दारात करायची तशी, निघून गेली.

त्या दिवसापासून आमचा मुकाश फोनचा मालक झाला आणि बाकी सगळ्याचा पाहुणा. गाईच्या पाठीवरून हात फिरवतो तर मनात येतं, हिच्यावर बोट ठेवेल का? रंधा हातात घेतो तर वाटतं, याच्यावर? अनारकुल म्हणते, घरातलं एकच जुनं सामान त्याने मागितलं तर मी लगेच बांधून देईन, आणि नवऱ्याकडे बघते. एर्मेक दर आठवड्याला येतो, पूर्वीपेक्षा जास्त येतो. आणि गंमत म्हणजे आता रिकाम्या हाताने येत नाही. कधी मध आणतो, कधी उमायला बूट. मध्यंतरी एक गिरमिट घेऊन आला, जर्मन नव्हे, पण चांगलं, नवंकोरं. मुकाशने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्याला रात्रभर झोप आली नाही. लुटून नेणारा भाचा त्याला पाठ होता, हा कसला?

त्याने एकदा धीर करून विचारलंसुद्धा, की अरे, नेमकं काय मागणार आहेस, सांगून टाक. एर्मेक घरभर नजर फिरवत राहिला, भिंती, गालिचे, तुकड्यांची खिडकी. त्या खिडकीपाशी थांबला, एका तुकड्यात आपलं नाक आणि दुसऱ्यात हनुवटी बघितली आणि म्हणाला, हिला आधी एक अखंड काच लाव, मग सांगतो. मुकाश ते वाक्य आजतागायत उलगडत बसलाय. काच त्याने आणून ठेवलीय, चांगली, एकसंध. भिंतीला टेकवून ठेवलीय, फडक्याने झाकून. बसवत नाही, बसवली की मागणं ऐकावं लागेल.

संध्याकाळी कुंदुझचा फोन येतो. उमाय आता चालत नाही, धावते, आणि आजोबा तिच्यामागे फोन घेऊन वाकून वाकून अंगणभर फिरतो. परवा एर्मेक पायरीवर चहा पीत बसला होता. मुकाशचा हात थरथरत होता, एर्मेक असला की थरथरतोच. तिकडून कुंदुझ कौतुकाने म्हणाली, आके, किती स्थिर धरता हो फोन, तुमचा हात अजून तरुण आहे.

एर्मेकने त्या हाताकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं, आणि आपली रिकामी वाटी पुढे केली. मुकाशने फोन डाव्या हातात घेतला आणि उजव्याने चहा ओतला. थोडा पायरीवर सांडला. एर्मेकने बाहीने पुसून घेतला.